गोळी घ्यायची की भट्टी सोडायची

अंगातून वाफा निघायला लागल्या तेव्हा पहिले सात-आठ महिने मी सगळा दोष भट्टीवर टाकला. आमचा खव्याचा धंदा आहे, भूम तालुक्यात. लग्न होऊन आले तेव्हापासून, म्हणजे अठ्ठावीस वर्षं, मी कढईपुढं उभी आहे. जाळ काय असतो ते मला कुणी शिकवायची गरज नाही. पण या वर्षी जाळ जास्तच लागतो असं माझ्या डोक्यानं घेतलं, आणि एकदा माझ्या डोक्यानं घेतलं की घरात कुणाची खैर नसते.

आधी शेडच्या पत्र्याला खिडकी पाडायला लावली. मग भट्टीचं तोंड फिरवून घेतलं. गवंडी म्हणाला, वहिनी, तोंड होतं तेच बरं होतं, तर त्यालाच झापलं. मग मोठा पंखा आणवला, तर राख उडून दुधात जायला लागली. मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, हात टेकले. ते मुळात कमी बोलणारे. दूध गोळा करायचं, लाकडं आणायची, खवा भूमच्या बाजारात पोचवायचा, एवढं बघतात. कढई माझी आणि माझ्या थोरल्या जावेची. त्यांना घरात सगळे आक्का म्हणतात. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या. दूध आटवत न्यायचं काम आक्कांचं, आणि शेवटचा हात माझा. खवा घट्ट होत आला की उलथण्याला जो जडपणा येतो तो ओळखून कढई उतरवायची असते. पळभर उशीर झाला तर करपतो, पळभर लवकर उतरवला तर ओला राहतो. ती वेळ माझ्या हाताला कळते. मला त्याचा लई अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

पौषात एका रविवारी आम्ही सोनारीला भैरवनाथाच्या दर्शनाला निघालो. भट्टी बंद. मोटरसायकलवर मागं बसलेली मी, अंगावर शाल, कानाला स्कार्फ, आणि थंडी अशी की मालकांचे हात हँडलवर आखडलेले. मध्येच पोटातून एक धग निघाली आणि छातीवरून मानेवर, मानेवरून डोक्यात गेली. मी चालत्या गाडीवर शाल काढली, स्कार्फ काढला. मालकांनी गाडी थांबवून मागं बघितलं तर मी घामानं निथळतेय. तेव्हा कळलं की बिचाऱ्या भट्टीचा काही दोष नव्हता. पाळी जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. दोन गोष्टींचा मेळ घालायला मला एवढे महिने लागले, याचा मला माझाच राग आला.

राग आला तरी गरमी काही जाईना. दिवसातून दहादा यायची. झोप उडाली, त्यामुळं सकाळी डोकं जड. छाती धडधडायला लागली की मला शेडबाहेर पळावं लागायचं. असंच एकदा खवा उतरायला आला असताना पळाले आणि परत येईस्तोवर अख्खी कढई करपली. अठ्ठावीस वर्षांत माझ्या हातून कढई करपली नव्हती. मी तिथंच पाटावर बसून रडले. त्यानंतर आठवड्याभरात दुसरी करपली. मालक हळूच म्हणाले, एखादा माणूस ठेवू, तू आता घरात बस. त्यांनी प्रेमानंच म्हटलं असणार, पण मला ते कामावरून काढल्यासारखं लागलं. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

आक्कांचं मत ठरलेलं होतं. पिशवी काढून टाक, म्हणाल्या. त्यांची स्वतःची पिशवी बत्तिसाव्या वर्षीच काढलेली. आमच्याकडं अर्ध्याअधिक बायकांची हीच गोष्ट आहे, कंबर दुखली तरी पिशवी, अंगावरून गेलं तरी पिशवी. आणि हे सगळं बोलायचं ते कानात, गडीमाणसं लांब गेली की. गोळ्याबिळ्यांचं नाव काढलं तर आक्का नाक मुरडायच्या. बायकांना वय झालं की असं व्हायचंच, त्याला कसली औषधं, असं त्यांचं म्हणणं.

माझ्या एका मैत्रिणीनं, जी धाराशिवला शाळेत शिकवते, तिथल्या एका बाई डॉक्टरांचं नाव सुचवलं. मालक मला घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं, पिशवी काढायचा विषय तर एका वाक्यात मिटवला. म्हणाल्या, पिशवीला काही झालेलं नाही, अंगातली हार्मोनं कमी पडलीत, तीच गोळीतून थोडी देता येतात. गरमी बरीच कमी होते, झोप लागते. पण ही गोळी सगळ्यांना चालत नाही, म्हणून आधी तपासण्या. मग त्या एकेक विचारत गेल्या. बीपी? नाही. पायात रक्ताची गाठ वगैरे कधी? नाही. घरात, माहेरी, कुणाला छातीचा कॅन्सर?

मी म्हणाले, नाही.

कसं निघालं तोंडातून, कुणास ठाऊक. माझी सख्खी मावशी छातीच्या गाठीनं गेली. आईच्या मागं तिनंच मला बघितलं होतं. तिला सोलापूरला दवाखान्यात न्यायला-आणायला मी आणि मालकच होतो. आणि मालक माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, पण डॉक्टरांसमोर एक शब्द बोलले नाहीत.

परत येताना येडशीला चहाला थांबलो. कप हातात घेऊन ते म्हणाले, "मावशीचं का सांगितलं न्हाईस?"

माझं डोकंच सणकलं. म्हटलं, सांगून काय करू, मग त्या गोळी देणार नाहीत, आणि गोळी नाही मिळाली तर काय करू, घरात बसून तुमच्या माणसानं केलेला खवा चाखत राहू? ते म्हणाले, भट्टी गेली तरी चालेल, तू राहिलीस म्हणजे झालं. एरवी कुठल्या बाईला हे ऐकून बरं वाटलं असतं. मी म्हणाले, "तुम्हाला चालंल. मला न्हाई चालायचं." आणि चहा तसाच ठेवून गाडीपाशी जाऊन उभी राहिले. त्यांनी माझाही चहा पिऊन टाकला.

तपासण्या झाल्या. छातीच्या तपासणीला सोलापूर गाठावं लागलं. पंधरा दिवसांनी सगळे कागद हातात आले आणि सगळे चांगले होते. जीव भांड्यात पडला. आता मावशीचं सांगायची गरजच काय, असं मी स्वतःला समजावलं. छाती साफ आहे म्हणून कागदच सांगतोय.

पण मावशी काही डोक्यातून जाईना. तिला गाठ लागली होती ते तिनं वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं. लाज वाटली म्हणे. आंघोळीला तिची तिला लागायची आणि ती पदर घट्ट करून कामाला लागायची. आम्हाला कळलं तेव्हा लई उशीर झाला होता. तिच्यावर मी किती चिडले होते, तिच्या खाटेशी बसून, तोंड नव्हतं का तुला म्हणून. आणि आता मी काय करत होते? तिची गाठ तिनं लपवली, आणि मी तीच गाठ दुसऱ्यांदा लपवत होते. माझी मलाच शरम वाटली.

दुसऱ्या खेपेला नेमकी म्हैस व्यायला झाली होती, म्हणून मालक घरी राहिले आणि आक्का माझ्याबरोबर आल्या. यष्टीत बसल्यापासून त्यांची कुरकुर सुरू. गोळ्या खाऊन का कुणी तरणी होतं, वगैरे. माझं सगळं लक्ष मला काय बोलायचंय त्याच्यात.

खुर्चीवर टेकले आणि कागद पुढं करायच्या आधीच सांगून टाकलं. मागच्या खेपेला खोटं बोलले, माझी मावशी छातीच्या कॅन्सरनं गेली. मला वाटलं बाई आता ओरडणार. त्यांनी फक्त पेन उचललं आणि विचारलं, किती वर्षांची होती? म्हटलं, सत्तरीच्या घरात. आई, बहीण? नाही, त्यांना नाही. बाईंनी लिहून घेतलं, कागद बघितले आणि समजावून सांगितलं. जवळच्या नात्यात, कमी वयात झालं असतं तर त्यांनी गोळीला नकोच म्हटलं असतं. इथं तसं नाही. तरी थोडा धोका राहतोच, तो कुणालाही शून्य करता येत नाही. गोळी कमी ताकदीची घ्यायची, शक्य तेवढी कमी वर्षं, दरवर्षी तपासणी चुकवायची नाही, आणि गाठ, रक्त, पायाला सूज यातलं काही दिसलं तर धावत यायचं. हार्मोन नको असेल तर दुसरीही औषधं आहेत, त्यांनी एवढा फरक पडत नाही पण पडतो. शेवटी म्हणाल्या, "आता सगळं तुमच्यासमोर आहे. ठरवायचं तुम्ही."

मला हवी होती ती गोळी समोर होती आणि आता माझाच हात पुढं होईना. खोटं बोलले होते तोवर भीती वाटत नव्हती. खरं सांगितल्यावर वाटायला लागली.

तेवढ्यात आक्का मध्येच बोलल्या, की त्यांच्या वेळेला असली थेरं नव्हती, त्यांनी कुठं गोळ्या खाल्ल्या. बाई हसल्या आणि विचारलं, तुमची पाळी कधी गेली? आक्का म्हणाल्या, बत्तिसाव्या वर्षी पिशवी काढली. मग बाईंनी विचारलं, नुसती पिशवी काढली की दोन्ही बाजूची अंडाशयंही?

"काय काय काढलं मला काय म्हाईत?" आक्का म्हणाल्या. "पिशवी खराब हाय म्हणले, काढली. दुसऱ्या म्हैन्यापासून अंगाची आग सुरू झाली. आठ वर्षं व्हती. म्या म्हनलं, भट्टीची आसंल."

बाईंचं हसू गेलं. त्या म्हणाल्या, म्हणजे अंडाशयंही काढली असणार. एवढ्या लहान वयात ती गेली तर ही गोळी द्यायला हवी असते, अगदी त्याच बायकांना ती सगळ्यात जास्त लागते. तुम्हाला कुणीच कसं सांगितलं नाही? आता गोळी सुरू करायचं त्यांचं वय राहिलं नव्हतं, म्हणून बाईंनी हाडं ठिसूळ झालीत का त्याची तपासणी लिहून दिली. आक्कांनी ती चिठ्ठी घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवली.

येताना त्या खिडकीशी बसल्या होत्या. मला ती आठ वर्षं आठवत होती. मी तेव्हा नवी, तरणीताठी, जिभेला धार. आक्का कढईपुढून सारख्या उठायच्या आणि हौदापाशी जाऊन तोंडावर पाणी मारायच्या. मी त्यांना चिडवायचे, आक्का, जाळ सोसत न्हाई तर खुर्ची आणू का, म्हणून. गडीमाणसांसमोर चिडवायचे. सगळे हसायचे, त्यापण हसायच्या आणि परत येऊन उलथणं हातात घ्यायच्या. एकदाही त्यांची कढई करपली नाही. मला यष्टीत बसल्या जागी रडू यायला लागलं.

येरमाळा मागं पडला तेव्हा मी म्हणाले, "आक्का, मला माफ करा. लई हसले मी तुम्हाला."

त्यांनी बाहेर बघतच उत्तर दिलं. "माफीचं काय करू? गोळी घे तू. माझ्या वाट्याची बी तूच घे."

तिथंच माझं ठरलं. बाईंनी लिहून दिलेली गोळी भूमला उतरल्यावर दुकानातून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोळी सुरू केली.

आता सहावा महिना आहे. गरमी अजून येते, पण आठवड्यात एखाददुसरी, आणि आली तरी उलथणं सोडावं लागत नाही. झोप लागते. खवा उतरवते ती मीच. महिन्याला एकदा आंघोळीला स्वतःची छाती तपासते, बाईंनी शिकवलं तसं, आणि त्या वेळी मावशी आठवते, ते खोटं कशाला सांगू. वर्ष झालं की सोलापूरला जायचंय.

आणि रोज सकाळी, पहिली कढई भट्टीवर चढली की, आक्का शेडच्या त्या टोकावरून विचारतात, गोळी घेतली का गं? दूध ओतायला आलेली माणसं असतात, लाकडं टाकणारा गडी असतो, मालक असतात. आक्कांना त्याचं काही नाही. घेतली, म्हणून मीही तेवढ्याच मोठ्यानं सांगते.