मागचं दार लागलं का?

आमच्या घरात एक कायदा होता. मागचं दार लागल्याशिवाय पुढचं उघडायचं नाही. बेल वाजली की बाबा खुर्चीतून उठायचे, कडीवर हात ठेवायचे आणि आत ओरडायचे, "मागचं दार लागलं का?" आईनं "लागलं बाप्पा, लागलं" म्हटलं की मगच कडी निघायची. तोवर दूधवाला असो की सख्खा मामा, उभा बिचारा उन्हात.

बाबा तीस वर्षं तुरुंगात शिपाई होते. तिथे मोठ्या दरवाजाला दोन फाटकं. एक लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही. येणारा-जाणारा मध्ये थांबतो, त्याची गिनती होते, मग पुढे. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण ती फाटकं बाबांनी सोबत घरी आणली. दोन्ही दारं एका वेळी उघडी कधीच नाहीत, म्हणजे आरपार वारा नाही. नागपूरचा मे महिना, कूलर घरघरतोय आणि ओली हवा घरातच कोंडलेली. अंगाला कपडे चिकटायचे. आई म्हणायची, "तुम्ही रिटायर झाले, माझी सुटका कधी?" मी तर सरळ भांडायची. "बाबा, आम्ही काय कैदी आहोत?" ते ऐकून घ्यायचे आणि पुन्हा एकदा कडी तपासायचे.

आणि मी पीएचडी कशावर करत होते? व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या एका जाडजूड इंग्रजी कादंबरीतल्या तुरुंगावर! नाव सांगत नाही. ऐकलं की अजून कानांवर हात ठेवते. त्यात एक म्हातारा कैदेतून सुटून मुलीकडे येतो आणि तिला विचारल्याशिवाय अंगणातसुद्धा पाय टाकत नाही. त्याच्यावर माझी चाळीस पानं होती. सात वर्षं घासली होती मी. त्यात कॉलेजातली नोकरी कंत्राटी, आणि प्राचार्यांनी स्पष्ट सांगितलेलं, जूनपर्यंत पदवी हातात नसेल तर तुमच्या जागी दुसरं कोणी. तोंडी परीक्षेत नापास म्हणजे नोकरी गेलीच.

ही परीक्षा खुली असते, कोणीही येऊन बसावं. आई परीक्षकांच्या चहासोबत द्यायला डबाभर सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीचं सारण भरलेली आमच्याकडची वडी, घेऊन आली. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या रांगेत बसले. त्यांना इंग्रजी कळत नाही, हे बरंच होतं.

बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांनी माझं भाषण दहा मिनिटं ऐकलं आणि हात वर केला. "बाई, ही सगळी दुसऱ्यांची मतं झाली. इंग्रजी राहू द्या, मराठीत सांगा. सुटलेला माणूस अंगणात जायला परवानगी का मागतो?"

मी हातातले कागद उलटेपालटे करू लागले. गाईड मॅडम छताकडे पाहू लागल्या. मेले, म्हटलं, संपलं सगळं. तेवढ्यात कोणीतरी हॉलचं दार उघडं टाकून गेलं. बाबा उठले, दार ओढून घेतलं, एकदा हलवून पाहिलं आणि मगच बसले. मी बघतच राहिले. सात वर्षं इंग्लंडातले तुरुंग धुंडाळत होते मी, मूर्खासारखी!

मग सांगत सुटले. दोन फाटकं, कडी, कूलर, उन्हातला मामा, सगळं. "सर, दार त्यालाही उघडता येतं. पण इतकी वर्षं दुसऱ्यानं हो म्हटल्यावरच पाय उचलायची सवय झालेली असते. माझ्या बाबांनाही आतून 'लागलं' ऐकू आल्याशिवाय कडी काढता येत नाही. किल्ली तर तुरुंगातही त्यांच्याच हातात होती."

परीक्षक लिहायचे थांबले. "हे प्रबंधात का नाही?"

"आत्ताच कळलं, सर."

ते मोठ्यानं हसले. वीस मिनिटांनी मी पास झाल्याचं सांगितलं आणि मला रडूच कोसळलं. हुश्श! सुटले एकदाची. आई ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना सांबारवडी वाटत सुटली.

बाबांकडे पाहायची मात्र हिंमत होईना. भर सभेत बापाचं घरातलं वागणं चव्हाट्यावर मांडलं होतं मी. शरमेनं जीव अर्धा झाला होता. ऑटोत ते पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले.

घरी पोचलो. बाबांनी कुलूप काढलं, आम्ही आत आलो आणि ते तडक स्वयंपाकघरात गेले. मागच्या दाराची कडी निघाल्याचा आवाज आला. मी पटकन पुढचं दार लावायला धावले, सवयीनं.

"काहून लावून राहिली?" बाबा आतून ओरडले.

"मागचं उघडं आहे ना, बाबा!"

"राहू दे वं. मले काही राग-बिग नाही आला." ते बाहेर आले, आमच्या दोघींकडे पाहिलं. "आपण तिघंही घरातच आहो. गिनती बरोबर आहे."

आईनं कूलर लावला. वारा पहिल्यांदा घरातून आरपार गेला, भिंतीवरचं कॅलेंडर फडफडायला लागलं. बाबांनी आपली खुर्ची ओढली आणि बसले, उघड्या दाराकडे पाठ करून.