मोरव्यातली गाडी शनिवारीच का थांबायची

समोर रस्ता मोकळा. माणूस नाही, रिक्षा नाही, कुत्रंसुद्धा नाही. आणि डॅशबोर्डवर एकदम लाल अक्षरं पेटली, बीप वाजला, गाडीने आपणहून कच्चकन ब्रेक मारला. माझ्या हातातलं पेन उडालं ते थेट जनूशेठच्या कानावर.

"बघितलात, मॅडम?" जनूशेठ कान चोळत म्हणाले. "मी पाय लावलाच न्हाय."

मागच्या सीटवर त्यांची आई मांडी घालून बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "तिला कोणतरी दिसतंय. आपल्याला दिसत न्हाय, तिला दिसतंय."

खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. मग स्वतःचाच राग आला. मी डिप्लोमा इंजिनियर बाई, तेवीस वर्षं सर्व्हेअर. गाडी ठोकली की नुकसान बघायला विमा कंपनी ज्याला पाठवते, तो सर्व्हेअर. मी आले की लोक माझ्यामागे बघतात आणि विचारतात, "सर कुठे आहेत?" मी सांगते, "सर मीरा रोडला घरी कुकर लावतायत." भूतबित माझ्या फॉर्ममध्ये बसत नाही.

हे काम मात्र नेहमीचं नव्हतं. जनूशेठ मोरवा गावचे मंडप डेकोरेटर. भाईंदर पश्चिमेत लग्न म्हटलं की मांडव त्यांचा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नवरीच्या गाड्या फुलांनी सजवल्या, आणि आता स्वतःच्या पोरीसाठी जपानी कंपनीची लक्झरी सेडान घेतली. तीही नव्या डिझाइनची. दरवाजाची हँडल आत दबलेली, गिअरच्या जागी एक बोटभर खटका, आणि चालू झाली तरी आवाज शून्य. दीड महिन्यात गाडी वाटेल तिथे थांबायला लागली. जनूशेठ म्हणत फॉल्ट आहे, शोरूम म्हणे, 'नाही'. शेवटी दोघांना चालेल असा तिसरा माणूस म्हणून मला बोलावलं. मी फॉल्ट लिहिला तर शोरूम गाडी परत घेणार, असं ठरलं.

"मॅडम, माझी दोन्हीकडून वाट लागलीय," जनूशेठ म्हणाले. "दहा दिवसांनी पोरीचं लग्न. याच गाडीतून तिला पाठवणार म्हणून मी अख्ख्या मोरव्यात सांगून बसलोय. गाडी परत गेली तर माझं नाक कापलं. आणि न्हाय गेली तर..."

"तर पोरगी हिच्यात न्हाय बसायची," आजींनी वाक्य पुरं केलं. "नवी नवरी आणि वाटंत गाडी अडली? अपशकुन हाय तो."

"तुम्ही फक्त कारण शोधा," जनूशेठ मला हात जोडून म्हणाले. एवढा आडदांड माणूस, पण डोळ्यांत पाणी होतं. मला वाईट वाटलं.

मी गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढले आणि गुरुवारी ती शोरूमच्या वर्कशॉपला आणायला सांगितली. तिथला नियम असा, की आधी वॉश, मग तपासणी. गाडी धुऊनपुसून आत आली. मॅनेजरने स्कॅनर लावला. स्कॅनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला "कुठे दुखतंय?" विचारायचं यंत्र.

"देखो मॅडम, सब ओके. एकच जुनी नोंद आहे. रडार, तात्पुरता अडथळा. ते तर चिखल उडाला तरी येतं."

हे रडार म्हणजे गाडीचा डोळा. पुढच्या वाहनावर नजर ठेवतं, फार जवळ काही आलं तर ड्रायव्हरच्या आधी ब्रेक मारतं. मॅनेजरने कौतुकाने बोट दाखवलं. "जुन्या मॉडेलमध्ये रडार खाली बंपरच्या कोपऱ्यात होतं. नव्यात वर आणलंय, बरोब्बर मधल्या लोगोच्या मागे. दिसतच नाही! काय डिझाइन आहे!"

मी स्वतः गाडी चालवली. हायवे, सिग्नल, पुलाखालची गर्दी, सगळं फिरले. गाडी लोण्यासारखी. एक झटका नाही. परत आले तर मॅनेजरचा चेहरा असा, जणू त्याने ती घरी बनवलीय.

"अंकल स्वतःच ब्रेक मारतात आणि गाडीवर ढकलतात. या वयात होतं. 'फॉल्ट नाही' लिहा ना मॅडम, विषय संपला."

"मी त्या गाडीत बसले होते. मी पण अंकल का?"

तो स्कॅनरची वायर गुंडाळायला लागला. पण पेन माझ्याही हातात अडकलं होतं. लिहिणार काय, कपाळ? "शनिवारी गावात जाऊन पुन्हा बघते, तोवर थांबा," एवढं म्हणून मी निघाले.

शनिवारी मोरव्यात गेले, गाडी दहा मीटर पुढे गेली आणि कच्चकन! आजी मागून म्हणाल्या, "राम राम म्हण, बाय."

मी जनूशेठना विचारलं, हे नेमकं कधीकधी झालं? ते डेकोरेटर माणूस, सगळं ऑर्डरच्या डायरीत लिहिलेलं. "हळदीचा मांडव, मोगरा दोन टोपल्या" याच्या खाली "गाडी थांबली". मी वार बघत गेले. प्रत्येक वेळी सुरुवात शनिवारी. आणि दर गुरुवारी तक्रार घेऊन वर्कशॉपला नेली की शुक्रवारी चकाचक.

"शनीची पीडा," आजी म्हणाल्या. "म्हणून तर मी पयल्या शनवारी एक बांधलं, मग गाडी अडली तशी डबल बांधायला लागले."

"काय डबल?"

"लिंबू-मिरची गं. अजून काय?"

मी दार उघडून खाली उतरले आणि गाडीसमोर उभी राहिले. दोन टपोरी लिंबं, चौदा मिरच्या, बिब्बा, कोळसा, काळ्या दोऱ्यात ओवलेलं सगळं बरोब्बर लोगोवर झोके घेत होतं. रडारच्या डोळ्यासमोर! मी फोन काढून पहिल्या दिवसाचे फोटो बघितले. त्यातही ते ठसठशीत लोंबत होतं. तेवीस वर्षांत इतक्या गाड्यांवर बघितलंय, की मला ते बंपरचाच भाग वाटतं. वर्कशॉपवाल्यांनी तर धुताना काढून फेकून दिलं आणि मग गाडी तपासली. शाबास आम्हा सगळ्यांची!

"पण मॅडम, भावाकडे याच कंपनीचं जुनं मॉडेल हाय," जनूशेठ म्हणाले. "त्यालापण आयेच बांधते. ती गाडी कधी अडली न्हाय."

"त्याचा डोळा खाली आहे. हिचा वर आलाय."

आता खरी परीक्षा होती. "आजी, एक फेरी हे काढून मारूया?"

"न्हाय."

"पाच मिनिटं. नातीसाठी."

"नातीसाठी म्हणून," आजी म्हणाल्या. मग स्वतः उतरल्या, स्वतःच्या हाताने दोरा सोडला आणि ते सगळं पदरात घेऊन मागे बसल्या. आम्ही गावाला फेरी मारली, बाजारातून गेलो, स्टेशनपर्यंत जाऊन परत आलो. गाडी एकदाही अडली नाही. जनूशेठ स्टीअरिंगवर डोकं टेकून बसले.

मला मात्र पेच पडला. म्हातारीला सांगायचं कसं, की आजी, पीडा तुम्हीच बांधत होता? जेवढी बांधलीत तेवढी वाढली? मी चाचरत रडार, लोगो, अडथळा सगळं समजावलं. आजींनी नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे एवढी मोठी जपानी गाडी... ह्या लिंबानं थांबवली?"

"हो, आजी."

"जन्या!" त्यांनी मुलाच्या पाठीत धपाटा घातला. "आयकलंस? आणि तू म्हणतोस लिंबात काय हाय! बाय, हे कागदावर लिहून दे मला."

मी लिहून दिलं. रिपोर्टमध्ये 'कारण' या रकान्यात लिहिलं, 'लिंबू दोन, मिरच्या चौदा.' सोमवारी मॅनेजरचा फोन. "मॅडम, हेड ऑफिसच्या सिस्टीममध्ये ऑप्शन निवडायला लागतो. त्यात लिंबू नाही!"

"मग 'इतर' टाका."

लग्नाला मला आग्रहाने बोलावलं होतं. पाठवणीची गाडी आली तर मागून फुलांनी लगडलेली आणि पुढून पार बोडकी. पाहुण्यांत कुजबूज सुरू झाली. डेकोरेटरच्या पोरीची गाडी आणि पुढे साधा हारही नाही? एक मावशी झेंडूचा हार घेऊन बॉनेटकडे निघाल्या, तर जनूशेठ दोन्ही हात पसरून आडवे आले. "पुढे काय लावू नका! पाया पडतो!" ज्या माणसाने आयुष्यभर लोकांच्या गाड्या झाकल्या, तो स्वतःच्या गाडीसमोर पहारा देत होता.

आजी मात्र खुर्चीत बसून सगळ्यांना ऐकवत होत्या, "आमच्या गाडीला पुढून न्हाय बांधत. लिंबू लावलं तर ती हलतच न्हाय, एवढी ताकद हाय लिंबात. इंजिनियर बायनं लिहून दिलंय."

पोरगी रडत रडत आत बसली. गाडी आवाज न करता निघाली आणि एकही झटका न देता मोरव्याच्या बाहेर पडली. लिंबू-मिरची नवरीच्या पायाशी, एका डब्यात ठेवलेली होती. जनूशेठ मग मोकळेपणाने रडले.

तेव्हापासून नवी गाडी तपासायला गेले की मी स्कॅनर नंतर काढते. आधी विचारते, घरात सगळ्यात मोठं माणूस कोण, आणि ते शनिवारी गाडीला काय करतं?