टाकीखालचा कॉक

आजही मोटरसायकल कोपऱ्यावर बंद पडली. वळून पाहिलं, तर गॅलरीतून बाबा मनगट फिरवून खुणावत होते, पेट्रोलचा कॉक उघड.

पूर्वी या गाडीचा कार्बोरेटर गळायचा. उभ्या गाडीतून पेट्रोल ठिबकायचं, म्हणून बाबा रोज टाकीखालचा कॉक बंद करत. गेल्या महिन्यात मी आतली झिजलेली सुई बदलून घेतली. आता थेंबही पडत नाही.

"बाबा, आता कॉक बंद करायची गरज नाही."

"बरं," म्हणाले. तरी संध्याकाळी खाली जातात, गाडीखालच्या फरशीला बोट लावून वास घेतात आणि कॉक बंद करून येतात. सकाळी मी तो उघडायला हमखास विसरतो आणि कार्बोरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर गाडी कोपऱ्यापर्यंतच जाते.

गळती थांबते, काळजी थांबत नाही. एखाद्या सकाळी गाडी कोपऱ्यावर बंद पडलीच नाही तर, याची हल्ली मला धास्ती वाटते.