बहात्तरचं तळं आणि केसरबाईची मका

खुलताबादच्या रस्त्याला लिंबाडी लागते. तिथल्या तळ्याला वेगळं असं नाव नाही. बहात्तरच्या दुष्काळी कामावर ते खोदलं, म्हणून बहात्तरचं तळं. केसरबाई तेव्हा बारा वर्षांची होती. परकर खोचून, डोक्यावर मातीचं टोपलं घेऊन ती दिवसभर पाळ चढायची, आणि तिचा बाप सखाराम पाळीला दगड लावायचा. तोवर गावातल्या विहिरीवर त्यांच्या वस्तीला लांब उभं राहून घागर धरावी लागे. वरून कुणाला दया आली तर पाणी. तळं भरलं त्या वर्षी सखाराम सगळ्यांच्या देखत पायऱ्या उतरला आणि पोटभर पाणी प्यायला. कुणी हटकलं नाही. पाळीवर साऱ्या गावानं टोपली वाहिलेली, हटकायला तोंड होतं कुणाला?

नवरा घरजावई आला, त्यामुळे केसरबाईला गाव सोडावं लागलं नाही आणि तळ्याचीही तिच्यापासून सुटका झाली नाही. पाळीवर बाभळीचं रोप दिसलं की ती मुळासकट उपटायची, कारण मूळ वाढलं की पाळ झिरपते. तळ्यात ट्रॅक्टर धुणाऱ्याच्या तर ती सात पिढ्या काढायची. लोक हसायचे. म्हणायचे, सरकारनं केसरबाईला पगार चालू करावा.

अठरा सालच्या दुष्काळात तळ्याचा तळ उघडा पडला. पाणी हटेल तशी ओल्या गाळात पेरणी करायची ही आमच्याकडची जुनी रीत, तिला गाळपेर म्हणतात. त्या वर्षी चाऱ्यासाठी मक्याचं बियाणं सरकारनंच फुकट दिलं. तलाठी म्हणाला, कागदावर पेरणाऱ्याचं एक नाव पाहिजे. झालं! एरवी पुढंपुढं करणारे सगळे पुरुष एकमेकांच्या पाठीमागं सरकले. केसरबाई म्हणाली, "लिवा माझं. जनावरं उपाशी मरायलीत अन् तुम्ही नावाला घाबरता व्हय?" मका झाली, गावच्या गुरांनी खाल्ली. पुढच्या वर्षी तळं भरलं. कागदावरचं नाव मात्र तसंच राहिलं. ते काढायला हवं हे कुणाच्या ध्यानात यावं?

ध्यानात आलं ते भलत्याच लोकांच्या. शहर सरकत सरकत लिंबाडीच्या शिवेपर्यंत आलं होतं. शहरातल्या औरंगपुऱ्यातले दुकानदार रविवारी बायकोमुलांना घेऊन प्लॉट बघायला यायचे. डोंगराकडच्या बाजूला मोठी वसाहत होणार होती आणि तिचा रस्ता सरळ तळ्यातून काढला होता. उन्हाळ्यात तळं आटलेलं बघून एका सकाळी जेसीबी आला आणि त्यानं पाळीला बैलगाडी जाईल एवढं खिंडार पाडलं. केसरबाई त्या खिंडारात जाऊन बसली. मागून गाव आलं. जेसीबी परत गेला आणि गावानं तहसीलीत हरकत घेतली.

सुनावणीला वसाहतवाल्यांच्या वकिलानं एक कागद काढला. "हे तळं नाहीच, साहेब. गायरान आहे, आणि तिथं पीक घेतलं जातं. पीक मका. पेरणारी केसरबाई."

सगळ्या माना तिच्याकडं वळल्या. जिनं जन्मभर तळं राखलं, तिच्याच नावानं तळं पुसायला निघाले होते! निर्लज्जपणाला काही सीमा? परतीच्या जीपमध्ये कुणी तिच्याशी बोललं नाही. ज्यांच्या गुरांनी ती मका खाल्ली, त्यांनीही नाही. दुसऱ्या दिवशी गावातलाच प्लॉटांचा दलाल बद्रीनाथ गोड तोंड करून दारात आला. "मावशी, कागद तुमच्या नावाचा हाय. निस्ती एक संमती द्या, रस्त्याला लागून तुम्हाला बी जागा देतेत."

"तुझ्या मायनं बी ह्या तळ्याचंच पाणी पाजलं तुला," केसरबाई म्हणाली. "ऊठ माझ्या दारातून."

त्या दिवशी तिनं टोपलं काढलं आणि एकटीच खिंडार बुजवायला लागली. स्वतःचाच राग आला होता तिला. कागद न वाचताच नाव दिलं होतं तिनं. तिसऱ्या दिवशी सर्जेराव आला. ज्या विहिरीवर सखाराम लांब उभा राहायचा, ती ह्या सर्जेरावाच्या घरची. त्यानं तिच्या डोक्यावरचं टोपलं उतरवून आपल्या डोक्यावर घेतलं. मग घरटी एक माणूस आलं. काळी माती टाकायची, पाणी शिंपडायचं, धुम्मसाच्या जड ठोकळ्यानं ठोकायची. अठरा दिवसांत पाळ उभी राहिली.

गणपती उठल्यावर तहसीलीतून मंडळ अधिकारी जागेच्या पाहणीला आले, तेव्हा तळं काठोकाठ होतं. साहेबांनी पाळीवरून नजर फिरवली आणि कारकुनाला सांगितलं, "लिही. जागेवर पावसाचं पाणी साचलेलं आढळलं."

केसरबाईचं डोकं फिरलं. "तळ्यात दुसरं काय साचतं, साहेब? दूध?"

लोक हसले. साहेब हसले नाहीत. "बाई, नोंद पिकाची आहे. तुमचंच नाव आहे."

"व्हय ना? मंग माझ्या शेताचा पंचनामा करा. पेरणारी मी हाय, पीक मीच दाखविते." असं म्हणून बासष्ट वर्षांची ती बाई लुगड्यासकट पाण्यात उतरली. गुडघा, कंबर, छाती. गळ्याला पाणी लागलं तेव्हा थांबली आणि वळून ओरडली, "इथून फुडं माझी मका हाय. या, उभी ताटं मोजा!"

"मावशी, वर या, बुडताल!" पाळीवरून बद्रीनाथ ओरडला.

"शेतात कुणी बुडतं का रं?"

पाळीवर आता कुणीच हसत नव्हतं. सर्जेरावानं मासे धरायचा तराफा ओढला, कारकुनाला हाताला धरून वर बसवलं आणि तिच्या पुढं नेऊन पाण्यात बांबू सोडला. बांबू वर काढून ओल्या खुणेपर्यंत टेप लावला. बारा फूट भरले.

"लिवा," केसरबाई म्हणाली. "केसरबाईच्या शेतात बारा फूट पाणी. मासे बी लिवा."

कारकुनानं काठावरच्या साहेबांकडं पाहिलं. पाळीवर अख्खं गाव उभं होतं. साहेबांनी खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं आणि म्हणाले, "लिही."

"काय लिहू, साहेब? शेत का तळं?"

"दिसत नाही का तुला?" साहेब खेकसले. "तळं लिही."