काळी गाडी राशीला चालत नाही

पोरीसाठी जुनी गाडी शोधता शोधता माझा जीव मेटाकुटीला आला होता. रविवार उजाडला की कुठंतरी जायचं, कोणाच्या तरी अंगणातली गाडी पाहायची, चहा प्यायचा आणि हात हलवत परत यायचं. एकीचे टायर गुळगुळीत, एकीच्या दाराला ठोकून नवा रंग दिलेला. एका जागी पायाखालचं मॅट उचललं तर खाली वाळलेला गाळ. पुरात बुडून निघालेली गाडी, आणि मालक म्हणे, एकदम घरगुती वापर.

दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, तशी मी झाले होते. पण गाडी तर पाहिजेच होती. पोरगी बुलढाण्याला दवाखान्यात नर्स, आणि आम्ही नांदुऱ्याचे. तिथं खोली घे म्हटलं तर ऐकायची नाही. तिच्या बाबांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, त्यांना ती माझ्या एकटीच्या भरवशावर टाकायला तयार नव्हती. सकाळची ड्यूटी असली की अंधारातच घर सोडायचं, मोताळ्यावरून राजूर घाट चढायचा, तोही एकटीनं. गाडी शिकून तिला वर्षही झालं नव्हतं. रस्त्यातले खड्डे पाहता तिला जरा उंच गाडी हवी होती, ते बरोबरच होतं. मला फक्त घाटाची धास्ती होती. चढावर गाडी बंद पडली तर ही पोरगी काय करील, हे मनातून जात नव्हतं.

त्यात आमच्या ह्यांनी खाटेवरूनच एक गाडी शोधली.

"देऊळगाव राजाले आपले सोयरे गाडी विकाले काढून राह्यले," म्हणाले. "आपल्यातले हायेत. त्यांची गाडी काय तपासाची?"

आपल्यातले म्हणजे कोण, तर माझ्या नणंदेच्या जावेचा भाऊ. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं मी म्हणाले. पण नाही म्हणावं तर नणंदेला राग. भीड भिकेची बहीण, हे मला चांगलं माहीत होतं, तरी पोरीला घेऊन गेलेच. बुलढाणा, चिखली करत एसटीतून उतरलो तेव्हा माझी कंबर धरली होती.

गाडी काळी, चकचकीत, बॉनेटवर ताजं हळदीकुंकू. भीड बाजूला ठेवून मी गावातला एक मिस्त्री बोलावून घेतला. त्यानं ऑइल पाहिलं, खाली वाकून पाहिलं, मालकाला शेजारी बसवून एक चक्कर मारून आला आणि "काही दोष नाही," म्हणाला. मग पोरगी चालवून आली. इतक्या रविवारांत पहिल्यांदा तिचा चेहरा फुलला होता.

"आई, हीच घेऊ," ती म्हणाली.

मलाही वाटलं, सुटलो एकदाचे. तेवढ्यात सोयऱ्यांच्या बायकोनं मला आत बोलावलं. पहिल्यांदा घरी आलेल्या सवाष्णीला ओटी भरल्याशिवाय कोणी जाऊ देत नाही. देवघरापुढं पाटावर बसवून तिनं मला कुंकू लावलं, पदरात नारळ ठेवला आणि तांदूळ घालायला ओंजळ भरली.

"ताई, गाडी पोरगी एकलीच चालवणार का?"

"एकलीच. घाटातून जाणं-येणं हाये तिचं."

तिची ओंजळ तशीच राहिली. दाराकडं एकदा पाहून ती हळूच बोलली, "मग घेऊ नका. गरम झाली की चालता चालता बंद पडती. कवा पडंल सांगता येत न्हाई, मिस्त्रीलाही सापडंना. बंद पडली की ब्रेक दगडावानी होतो. जालन्याहून येताना आम्ही ट्रकखाली जाता जाता वाचलो. तुमच्या ओटीत तांदूळ घालायचे अन् खोटं बोलू का? फक्त माझं नाव काढू नका."

मग तिनं तांदूळ घातले. मी वाकून नमस्कार केला.

बाहेर सोयरे वाट पाहत होते. "मग, ताई, पक्कं का?"

काय सांगावं? गाडीत खोट काढावी तर मिस्त्री समोर उभा, आणि सोयऱ्यांना लगेच कळलं असतं की हे आतून आलं. मी म्हणाले, "गाडी छानच हाये. पण काळा रंग आमच्या पोरीच्या राशीले चालत नाही."

मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. राशी-ग्रह सगळं झूट आहे, हे वर्गात ओरडून सांगितलं. सोयरे हसले, "मॅडम असून तुम्हीबी?" म्हणाले. मिस्त्रीही हसला. पोरगी माझ्याकडं पाहतच राहिली, मग एकटीच फाटकाबाहेर गेली.

चिखलीपर्यंत ती खिडकीकडं तोंड करून बसली. स्टँडवर उतरल्यावर एवढंच म्हणाली, "मले लाज वाटली, आई. काऊन अशी बोलली तू?"

तेव्हा मी सगळं सांगितलं. मला वाटलं, आता हिचा राग जाईल, कदाचित माझा हात धरील. दमलेल्या माणसाला तेवढंच पुरे असतं. ती मात्र फलाटाकडं चालू लागली. बुलढाण्याची गाडी लागली, आम्ही चढलो, जागा मिळाली.

मग ती म्हणाली, "आई, त्या काकू तर त्याच गाडीत बसत असतीन ना?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या बाईनं माझी पोरगी वाचवली होती, आणि मी तिला नमस्कार करून निघून आले होते.