उघाडीपर्यंतची फेरी

माझी बायको महिन्यातल्या एका रविवारी लोकांना पनवेलमधून पायी फिरवायची. जुन्या तळ्याच्या सांडव्यापाशी सुरुवात व्हायची. मग तळ्याचं जादा पाणी शहराच्या पोटातून नेणारे दगडी पाट, बाजारामागची कमानीची मोरी, पूर्वीच्या बंदराचा धक्का, आणि तिथून रिक्षा करून खाडीच्या बांधावरची उघाडी. उघाडी म्हणजे बांधात बसवलेली पाण्याची दारं. ओहोटीला आतलं पाणी त्यांच्या लाकडी झडपा ढकलून बाहेर पडतं आणि भरतीला खाडीच त्या दाबून बंद करते. त्या बांधाजवळच्या गावात तिचं माहेर होतं.

ती फार छान सांगायची, असं लोक म्हणतात. मी बहुतेक सगळ्या फेऱ्यांना होतो, पण तिचं सांगणं मी ऐकलेलं नाही. माझं काम रांगेच्या शेवटी चालण्याचं. फोटो काढत रेंगाळणारे, गुडघे धरून बसणारे, चहाच्या टपरीत शिरणारे, अशा सगळ्यांना गोळा करत मी पोहोचायचो तेव्हा तिचं बोलून झालेलं असायचं आणि लोक पुढे निघालेले असायचे. ती लांबून माझ्याकडे पाहून हात वर करायची. म्हणजे सगळे आले ना? मीही हात वर करायचो. घरी आल्यावर ती दमलेली असायची. जे दिवसभर बोलून झालं ते पुन्हा मला कशाला सांगेल, आणि मीही कधी विचारलं नाही. तसं विचारायचं सुचतही नाही, माणूस रोज समोर असताना.

ती गेल्यावर काही महिन्यांनी फेरीच्या नेहमीच्या मंडळींनी मला गळ घातली. एकदा तुम्ही न्या, म्हणाले. मी लगेच हो म्हणालो नाही. पण घरात तिच्या साड्या, तिचा चष्मा, सगळं जिथल्या तिथे निपचित पडलेलं होतं. तिचं म्हणून अजून चालू राहू शकेल असं एवढंच होतं, ही फेरी. ती बंद पडू नये असं मला फार वाटलं. मी ग्रंथपाल होतो. पुस्तकांतून चुन्याच्या बांधकामाबद्दल, बंदरातल्या भाताच्या व्यापाराबद्दल वाचून काढलं आणि सगळ्यांना सोयीचा पडेल असा रविवार ठरवला.

तळ्यापाशी मी बोललो ते पुस्तकी होतं. लोक चांगले, त्यांनी माना डोलावल्या. बाजारामागच्या मोरीपाशी मात्र मी अडलो. काळ्या दगडाची ती बुटकी कमान, वर भाजीचे गाळे, खालून काळं पाणी. कमान कशी तोललेली असते ते मी सांगायला लागलो आणि मध्येच शब्द संपले. तेव्हा खारघरहून येणाऱ्या एक बाई, बँकेतून निवृत्त झालेल्या, नेहमी सगळ्यात पुढे चालणाऱ्या, हळूच म्हणाल्या, "ताई इथे म्हणायच्या, ही कमान म्हणजे दोन भांडखोर जावा. दोघी एकमेकींना रेटतात, म्हणून घर उभं आहे. एकीने नमतं घेतलं की भाजीवाला थेट गटारात."

सगळे हसले. गाळ्यावरचा भाजीवालाही हसला. त्याने ते पूर्वी ऐकलेलं दिसलं. बाईंनी वाक्य तिच्याच चालीवर म्हटलं होतं, 'थेट' वर जोर देऊन. घरात ती असाच जोर द्यायची, दूध उतू गेलं की, वीज गेली की. मी पाठमोरा झालो आणि पाण्याकडे बघत राहिलो. तिचं एक अख्खं वाक्य इतकी वर्षं या मोरीपाशी होतं आणि ते मला परक्या माणसाकडून मिळालं होतं.

उघाडीवर पोहोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. बांधावर माझा मेहुणा वाट बघत उभा होता. त्यांची मिठागरं केव्हाच गेली. आता न्हावा शेव्याला त्याचे ट्रेलर चालतात आणि द्रोणागिरीला गोदामाची जागा भाड्याने दिलेली आहे. पांढरा शर्ट, हातात दोन फोन. मला पाहून त्याने आधी पाण्याकडे बोट केलं. मग म्हणाला, "ओ भावोजी, भरतीला आनलाव लोकांना? आता काय दाखवनार? पानी?"

खरंच, पाण्याखेरीज काही नव्हतं. खाडी बांधाला येऊन भिडली होती आणि झडपा, त्यांच्यावरची दगडी कमान, सगळं बुडालेलं. वरची कड तेवढी दिसत होती आणि तिच्यावर एक बगळा.

"तिच्या वेळी असं कधी झालं नाही," मी म्हणालो.

"बाय तिथी बगून तारीख धरायची ना. तिथीची पाऊणपट करायची का भरतीची वेल येते. आमचा बाबा तसाच करायचा. अष्टमीच्या आजूबाजूला आलाव त दुपारी ओहोटी. आज तिथी कंची?"

मला माहीत नव्हतं. त्यालाही नव्हतं. त्याने घरी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "अगो, भिंतीवरचा कॅलेंडर बग. तिथी कंची हाय?"

"आता तिथी इचारताव?" त्याची बायको पलीकडून कडाडली. "अमावस्या परवाच झाली. गाडीवर नारल फोडा म्हनून सांगला व्हता, तो फोडलाव का?"

त्याने घाईने फोन बंद केला. "उद्या फोडतो," असं मला म्हणाला, जणू मीच विचारलं होतं.

म्हणजे द्वितीया, दोनाची पाऊणपट दीड. पाणी अजून चढणारच होतं. झडपा उघडायला संध्याकाळ झाली असती. आमच्या घरात कॅलेंडर स्वयंपाकघरात असतं. ती चहा उकळेपर्यंत त्याच्यासमोर उभी राहून ओठ हलवायची. ती दूधवाल्याचा हिशोब करते असंच मी समजत आलो होतो.

काही जण परत निघाले. मीच त्यांना जा म्हटलं. खारघरच्या बाई निघाल्या नाहीत. त्या संकोचाने म्हणाल्या, "काका, तारीख चुकली एवढंच. पुन्हा येऊ आपण."

"पुढची फेरी तुम्ही न्या," मी म्हणालो. "तुम्हाला तिचं सगळं पाठ आहे. मला काहीच माहीत नाही." आणि मग म्हणालो, "इथे ती काय सांगायची?"

"आत्ता? काही दिसत नाहीये."

"तरी सांगा."

त्या बांधाच्या कडेला उभ्या राहिल्या. मी त्यांच्या अगदी समोर. मेहुणाही शेजारी येऊन थांबला. त्या सांगू लागल्या, की ताई लहान असताना एकदा उधाणाला झडपेची फळी फुटली. खारं पाणी आत शेतात घुसायला लागलं. ताईंचे वडील छातीभर चिखलात उतरले आणि पाठ लावून झडप धरून राहिले. ताई वरून त्यांना पेंढ्याचे आणि चिखलाचे गोळे देत होत्या, एकामागून एक. वडील ओरडत होते, दे, दे, थांबू नको. ताई म्हणायच्या, त्या दिवशी मला कळलं की बांधकाम म्हणजे दगड नव्हे, कोणीतरी पाठ लावून उभं असतं.

मी हे कधीच ऐकलं नव्हतं. सासऱ्यांच्या पाठीवर एक लांब व्रण होता, तो मी पाहिला होता.

"खोटा हाय," मेहुणा म्हणाला. त्याचा आवाज चिडका होता. "पेंढा मी देत व्हतो. मी! ती त तिथं दगडावर बसून रडत व्हती, बाबा मेला, बाबा मेला करत. लोकांना असा सांगते काय?"

बाई गोंधळून माझ्याकडे पाहू लागल्या. काय खरं, काय खोटं, मी कसं सांगणार?

"तुमी तिला इचारा, भावोजी," तो तावातावाने म्हणाला. "घरी गेल्यावर इचारा तिला, पेंढा कोन देत व्हता."

म्हणालो, "बरं."

मग त्याने माझ्यावरची नजर काढून पाण्याकडे वळवली. त्याचा फोन वाजत होता, तो त्याने उचलला नाही. बाईंनी पर्समधून रुमाल काढला आणि नुसता हातात धरून ठेवला. खाडीचं पाणी आणखी वर आलं, कड बुडाली आणि बगळा उठून गेला.  मेहुणा पाण्याकडेच बघत म्हणाला, "एखादा गोळा दिला पन असल तिनं."