धूर धुणारे शामराव

शामराव गेल्याचं मला मिरजेहून येताना बसमध्ये कळलं. शेजारी बसलेले गृहस्थ त्यांच्याच गल्लीतले. "धूरवाले शामराव गेले की ओ. छातीच्या दुखण्यानं..." माझा स्टॉप मागे पडला तरी मी बसूनच राहिलो.

तसे ते रंगारी. पण सांगलीत कुणाच्या घराला आग लागली की बंब गेल्यावर त्यांनाच बोलावणं जायचं. भिंतींवरची काजळी, कपाटातल्या साड्यांपर्यंत शिरलेला वास, हे सगळं घालवायचं काम त्यांचं. "काजळीला आदी पानी लावायचं न्हाई," ते सांगायचे, "पानी लागलं की ती भिंतीत शिरती." आधी कोरड्या ब्रशनं झाडायचं, मग सोड्याच्या पाण्यानं पुसायचं, चुना शेवटी.

आमच्या घरी ते आले ती ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. आई परसदारी गेली असताना रॉकेलचा स्टो भडकला. शेजाऱ्यांनी पाणी ओतून आग विझवली, पण स्वयंपाकघर काळंठिक्कर पडलं. मी रागाच्या भरात सगळ्यांदेखत म्हणालो, "आई, आता स्वयंपाकघरात पाऊल टाकू नकोस." ती बाहेर पायरीवर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी शामराव शिडीवर चढून भिंत झाडत होते. पायरीवरून आई म्हणाली, "काय तरी जळतंय."

"कालचाच वास आहे तो. घाबरलीयस तू," मी खेकसलो.

थोड्या वेळानं ती पुन्हा तेच म्हणाली. शामराव शिडीवरून खाली उतरले. "सायेब, माझं नाक ह्या धंद्यात कवाच मेलंय. त्यांचं जित्तं हाय." मग दाराशी जाऊन म्हणाले, "आवं आई, आत या. कुठनं येतोय वास, दावा."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी बाजूला झालो. ती भिंतीच्या कडेकडेनं चालत कोपऱ्यात थांबली आणि तिनं छताच्या फळ्यांकडे बोट केलं. शामरावांनी शिडी तिथं लावली, फळीला तळहात टेकला आणि झटकन मागे घेतला.

"बादल्या भरा! पानी हाताशी आल्याबिगर फळी काडायची न्हाई. वारा लागला की पेटंल."

बादल्या आल्या. त्यांनी पहारीनं फळी उचकटली. फळ्या आणि कौलांच्या मधे वर्षानुवर्षं साठलेला कचरा, उंदरांची घरटी... सगळं आतून लाल झालेलं. भस्सकन जाळ बाहेर आला. त्यांच्या भुवया होरपळल्या, पण ते शिडीवरून हलले नाहीत. खोकत, डोळे मिटून, हाताला येईल ती बादली आत ओतत राहिले. मी खालून बादल्या देत होतो. रात्री आम्ही सगळे त्याच छताखाली झोपणार होतो.

सगळं विझल्यावर ते भिंतीला टेकून बसले. खोकल्याची उबळ थांबल्यावर आईला म्हणाले, "आई, च्या करा. तुमच्याच हातचा पायजे." आई उठली आणि त्या काळ्या स्वयंपाकघरात तिनं स्टो पेटवला. मी तिची माफी मागायला हवी होती... मागितली नाही.

गेल्या आठवड्यात त्यांच्या घरी जाऊन आलो. त्यांचं काम आता त्यांच्या हाताखाली तयार झालेले दोघं रंगारी बघतात. शामरावांच्या पत्नी सांगत होत्या, "ह्यांनी लावल्याली सवय हाय त्यास्नी. कुठल्याबी घरात गेलं की ब्रश काडायच्या आदी इचारत्यात, घरात तिखट नाक कुनाचं हाय? त्यास्नी आत बोलवा."

मी विचारलं, "मग कोण येतं?"

"बहुतेक घरात म्हातारीच असती," त्या म्हणाल्या, "आन् बहुतेक ती भाईरच बसल्याली असती."